पुढच्या एप्रिलचं घड्याळ

माझा भाचा केयूर अमरावतीत वकील आहे, म्हणजे बापूसाहेबांच्या, त्याच्या वडिलांच्या, पाटीवर त्याचंही नाव आहे. कोर्टात तो क्वचितच दिसतो. त्याचा खरा उद्योग भाकितांचा. जिनिव्हाला दर एप्रिलमध्ये भारी घड्याळांचं प्रदर्शन भरतं. तिथे एक बडी कंपनी यंदा काय काढणार, हे हा पठ्ठ्या राजापेठेतल्या फ्लॅटमध्ये बसून यूट्यूबवर सांगतो. कंपनीच्या वेबसाइटवरून एखादं मॉडेल गायब झालं की याच्या अंगात येतं. जुनं काढलं म्हणजे त्या जागी नवं येणार, एवढंच त्याचं शास्त्र. सांगताना आव मात्र असा, की मालक याला विचारल्याशिवाय जेवत नसावा.

चुकलं तर "दिशा बरोबर होती" म्हणतो. एका वर्षी हिरवी तबकडी येणार म्हणाला आणि राखाडी आली, तरी दिशा बरोबरच. त्याचे आजोबा पत्रिका बघायचे, त्यांना हा हसतो. आजोबा निदान चुकल्यावर चार दिवस गप्प बसत.

हे सगळं यूट्यूबपुरतं राहिलं असतं तर मी लक्षही दिलं नसतं. पण यात नत्थुजी सापडले.

नत्थुजी वलगावचे, बापूसाहेबांचे जुने अशील. त्यांचं नांदगाव पेठेकडचं वावर कारखान्यांसाठी गेलं. बापूसाहेबांनी भांडून मोबदला वाढवून घेतला आणि पोरांनी त्यातून प्लॉट घेतले, गाड्या घेतल्या. म्हाताऱ्याने स्वतःसाठी एकच हट्ट धरला, सोन्याचं घड्याळ. "वावर गेलं साहेब, हातावर काही तं दिसलं पायजे," असं ते मला म्हणाले. मला तो हट्ट फार आवडला.

मीच त्यांना गाडीने नागपूरच्या शोरूममध्ये नेलं. केयूर जाणकार म्हणून सोबत आला. जाणकाराने तोवर तसलं घड्याळ फक्त काचेपलीकडून पाहिलेलं. निळ्या तबकडीचं एक घड्याळ नत्थुजींनी मनगटावर चढवलं, हात दूर धरून पाहिलं, मग जवळ आणून पाहिलं.

"हेच घेतो. मले हेच आवडलं."

"काका, हे बंद होणार आहे," केयूर म्हणाला. "एप्रिलपर्यंत थांबा. याच्या जागी पांढरी तबकडी येणार, माझं भाकीत आहे."

"काहून थांबू? हे चालून तं राह्यलं."

"नवं आलं की हे जुनं दिसेल. मग मलाच बोल लावाल."

नत्थुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी घेऊन टाका म्हणालो, पण माझ्या शब्दाला कोण विचारतो. वकीलसाहेबांचा पोरगा सांगतोय म्हणजे खरंच असणार, म्हणून त्यांनी घड्याळ उतरवून ठेवलं.

त्या एप्रिलमध्ये पांढरी तबकडी आली नाही. केयूर म्हणाला, पुढच्या वर्षी नक्की. पुढच्या वर्षीही आली नाही. मधल्या काळात ते निळं घड्याळ कोणीतरी घेऊन गेलं. नत्थुजी भेटले की विचारायचे, "आली का हो बाबूची घडी?" त्यांच्या मनात राग नव्हता. मला मात्र केयूरच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची.

पोळ्याच्या सुमारास नत्थुजींना लकवा मारला. डावी बाजू पूर्ण गेली, बोलणंही गेलं.

आणि त्यानंतरच्या एप्रिलमध्ये पांढरी तबकडी आली. केयूरने दोन तासांचा व्हिडिओ केला, सोसायटीत पेढे वाटले. उरलेले पेढे घेऊन वलगावला निघाला, बापूसाहेबांच्या सांगण्यावरून मीही गेलो. नत्थुजी खाटेवर होते, डावा हात उशीवर ठेवलेला. याने त्यांच्या तोंडापुढे फोन धरला. "काका, बघा. म्हटलं नव्हतं मी?"

नत्थुजींनी डोळे मिटून घेतले. उशाशी त्यांची बायको आशाबाई बसली होती. तिने पेढ्यांचा डबा उघडलाही नाही.

"त्याईले घडी पायजे होती बाबू," ती म्हणाली. "नवी नोती पायजे."

केयूरने समजल्यासारखी मान हलवली, आणि तिला नीट दिसावा म्हणून फोटो मोठा करून दाखवला.