उत्तरेच्या समुद्राची शेवरी

माझा थोरला भाऊ गेले दोन महिने मला ‘सर’ म्हणत होता. चूक माझीच. मी अमळनेरला कॉलेजात भूगोल शिकवतो, तो भडगावजवळ गिरणेकाठी केळी पिकवतो. जन्मभर त्याने मला ‘बापू’ म्हणूनच हाक मारलेली.

हिवाळ्यात कॉलेजातल्या चौघा सहकाऱ्यांना मी वावरात भरीत खायला नेलं. भाऊ भाजलेली वांगी ठेचत होता आणि मी बाजेवर बसून अक्कल पाजळत होतो, की उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रावरचा बर्फ कसा कमी होत चाललाय. भाऊ मध्येच म्हणाला, “बरफ निंघी गया, मंग वाराले अडावणार कोन शे? वारा बठ्ठं पाणी घुसळी टाकी ना?”

मी खदाखदा हसलो. “अरे भाऊ, ते काय तुझं केळीचं वावर आहे, वाऱ्याला आड म्हणून कडेनं शेवरी लावायला?”

सगळे हसले. भाऊही हसला. मग पुऱ्या वाढताना अहिराणी सोडून म्हणाला, “घ्या सर.”

पुढे वर्गासाठी त्याच विषयाचं वाचायला बसलो आणि माझी कानशिलं तापली. त्या समुद्रात वर गार, कमी खारं पाणी असतं. खोलवर त्याहून कोमट आणि जास्त खारं. वर बर्फाचं झाकण असतं तोवर वाऱ्याचा जोर पाण्यापर्यंत फारसा पोचत नाही. झाकण विरळ झालं की वारा थेट पाण्याला भिडतो, लाटा उठतात, पाणी ढवळतं, खालची ऊब वर येते आणि उरलासुरला बर्फ खालून वितळवते. अहो, भाऊ दुसरं काय म्हणाला होता! बागेभोवतीची शेवरी तोडली की आत केळीच्या पानांच्या कशा चिंध्या होतात, ते त्याने डोळ्यांनी पाहिलंय. मी मात्र मोठा शहाणा.

वर्गात मी शेवरीचंच उदाहरण दिलं. पोरं एकदम खूश. एक मुलगी म्हणाली, “सर, काय भारी सुचलं तुम्हाला!” हे माझ्या भावाचं आहे, एवढं माझ्या तोंडून फुटलं नाही. चक्क हसून मान डोलावली मी. सांगायलाही शरम वाटते.

रविवारी भडगावची एसटी धरली. भाऊ केळीला टेकू लावत होता.

“भाऊ, चुकलो मी,” म्हटलं. “तू म्हणालास तेच खरं निघालं. वारा पाणी घुसळतो तिथे. वर्गात शिकवलंसुद्धा मी ते.”

त्याच्या हातातला बांबू तसाच राहिला. “पोरेसले मनं नाव सांगं का?”

“सांगितलं ना,” मी म्हणालो.

“बठ, बापू!” बांधावर बसायची खूण करत तो म्हणाला. ‘बापू’ हाच शब्द ऐकायला मी आलो होतो, आणि आता मला मान वर करवेना. भाऊ बांधावर चढला आणि शेजारच्या वावरातल्या माणसाला ओरडून सांगू लागला, की अमळनेरच्या कॉलेजात आपलं नाव घेतलंय.