तिचा डावा पाय

शेवटच्या दिवशी आम्ही दोघांनी तुरीच्या शेंगा सोलल्या. लातूरजवळच्या मुरुडच्या घरी, ओट्यावर. सुंदरा, माझी बायको, पाय लांब करून बसली होती, अन् मी त्या पायाकडं न बघता सोलत होतो. का बघत नव्हतो — हे आजपर्यंत कुणाला सांगितलं न्हाई. पोरीला बी न्हाई. तुम्हाला सांगतो.

न्हाणीत घसरून तिचा डावा घोटा मोडला होता. प्लास्टर निघालं तवा घोटा लाकडासारखा, अन् पंजा खाली लोंबलेला. लातूरच्या फिजिओवाल्या बाईंनी मला समोर बसवून शिकवलं. टाच तळहातात धरायची, बोटं तिच्या तोंडाकडं हळूच रेटायची, जरा थांबायचं, सोडायचं. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, अन् तिनं गुडघा खाली दाबायचा — मांडीचा गोळा हाताला कडक लागला पाहिजे. "आप्पा, रोज केलं न्हाई तर पंजा लोंबतच राहील," बाई म्हणल्या. शाळा कमी शिकलो मी, पण एवढं समजलं.

"सोडा, पाप लागतं मला," सुंदरा पाय ओढून घ्यायची. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा न्हाई, आमच्याकडं असंच हाय. तरी मी धरला. दोन-चार दिवस ओट्यावर बसून केलं बी. मग एका सकाळी शेजारचा नामदेव ओट्यापुढून चालला होता. "काय आप्पा, वैनीनं पाय चेपायला ठेवलंय का काय तुम्हाला?" चेष्टाच ती. पण मी पाय असा सोडला — टाच फरशीवर आपटली. ती "आई गं" म्हणली. मी उठून शेताकडं गेलो.

परत धरला न्हाई. घरात, दार लावून करता आलं नसतं का? आलं असतं. पण नामदेवाचं हसू मला दाराच्या आत बी दिसायचं.

पोरगी मंगल नांदेडला दिलेली. रोज फोन करायची. "आप्पा, व्यायाम घेतला का?" "घेतला की." एकदा म्हणली, आईला द्या. सुंदरानं माझ्याकडं बघितलं. अन् पोरीला म्हणली, "घेत्यात गं. लई जपत्यात मला." आवाजात टोमणा असता तर बरं झालं असतं — न्हवता.

तर शेंगा सोलून झाल्या. दाणे घेऊन ती आत निघाली. लोंबता पंजा उंबऱ्याला अडकला. डोकं फरशीवर. लातूरच्या वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायांनी तिला आंघोळ घालून ओट्यापुढं ठेवलं. गाव जमलं होतं. नामदेव बी होता. मी पायाशी बसलो. टाच तळहातात धरली, अन् बोटं तिच्या तोंडाकडं रेटायला लागलो. कुठं हलतंय? मी रेटतच राहिलो. कुणीतरी मला उठवायला आलं.

"राहू द्या," मंगल रडत म्हणली. "रोज घ्यायचे ते व्यायाम. सवय हाय त्यांची."

मी हो म्हणून मान हलवली.