वाताच्या नावानं डाग

वात हा शब्द कुणी काढला की मला अजून शिसारी येते. आमच्या सासरी कंबर दुखली की वात, गुडघा सुजला की वात, बाई चालताना लचकली की वात. अन् वातावर एकच इलाज, डाग! मेंढरं वळणाऱ्यांचं हे घर. मेंढी लंगडायला लागली की विळा लाल तापवायचा अन् तिच्या सांध्यावर टेकवायचा, ही पिढ्यांची रीत. दुष्काळात चारा संपला, मेंढरं विकली, शहरात येऊन घर बांधलं. सगळं सोडलं, विळा तेवढा सोबत आणला.

माझं माहेर फुलंब्रीकडचं. विहिरी आटल्या तेव्हा वडलांनी मला शहरात दिली. म्हणाले, पोरगी नळाचं पाणी पिईल. आगीतून फुफाट्यात! नळाला आठवडाभर थेंब नाही, टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या. घराच्या दोन्ही अंगांना मजल्यावर मजले चढलेले, खोलीत भर दुपारी ट्यूबलाइट. गच्चीवर जाते म्हटलं की सासूबाई डोळे वटारायच्या, "शेजारच्या गॅलऱ्यांतनं माणसं बघत्यात. नवी सून अन् गच्चीवर?" माहेरी दिवसभर रानात करपलेली मी. उन्हातून सुटले म्हणून सुरुवातीला मला बरंच वाटलं.

पोरगी झाल्यावर माझ्या मांड्या ठणकायला लागल्या. हाडाच्या आत कुणी टोचतंय असं वाटायचं. भिंत धरल्याशिवाय जमिनीवरून उठता येईना, चाल बदकासारखी झाली. सासू शेजारणीला सांगायची, "लई नखरेल हाय. कामाला आंग चोरती." मग एक दिवस चुलत सासऱ्यांनी स्टोव्हवर विळा तापवला अन् घरातल्या दोन बायकांनी मला दाबून धरलं. खुब्यावर डाग दिला. बाई गं, जळलेल्या कातडीचा तो वास! वरून हळद-तेल थापलं. पुढं त्यातनं पू वाहिला, परकर चिकटायचा, सोडवताना जीव जायचा. दुखणं होतं तिथंच राहिलं. मालक म्हणाले, "गुण यायला वेळ लागतो." थू असल्या गुणावर!

एवढं होऊनही मी गप्प बसले असते. पण पोरगी चालेना. गल्लीतली तिच्या वयाची पोरं पळत होती अन् ही नुसती बसलेली. उभी केली की रडायची. मनगटं जाड झालेली, पाय गुडघ्यापाशी बाहेर वाकलेले. तिला कधी बाहेर काढलीच नव्हती. काळी पडंल, नजर लागंल, म्हणून दुपट्यात गुंडाळून त्या अंधारात ठेवलेली. चुलत सासऱ्यांनी तिचे पाय चाचपले अन् म्हणाले, "आईचा वात लेकीत उतरला. दोन डाग दिले की पळंल."

स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. उठायला गेले तर उठता येईना. रांगत गेले, पोरीला पोटाखाली घेतलं अन् पालथी पडले. "मामंजी, ती मेंढी नाय. विळा टेकवलात तर आख्खी गल्ली गोळा करीन." सुनेनं तोंड उघडलं म्हणून सासू कपाळ बडवत बसली. बडव, म्हटलं मनात.

दुसऱ्या दिवशी भावाला बोलावलं अन् त्याच्या रिक्षातनं दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघींच्या हाडांचे फोटो काढले, रक्त तपासलं अन् विचारलं, "ऊन मिळतं का?" मला हसूच आलं. मराठवाड्यात अन् ऊन मिळतं का! त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, कातडीला ऊन लागलं की अंगात डी जीवनसत्त्व तयार होतं. ते नसलं की हाडं भरत नाहीत, मऊ पडतात. बाळ तुझ्या दुधावर. तुझ्याच अंगात नाही, तर तिला कुठून मिळणार? दोघींना औषध लिहून दिलं. घरी सांगितलं तर सासू म्हणाली, "उन्हाचं कधी औषध असतंय व्हय?"

पुढं मी कुणाला विचारलंच नाही. औषध चालू ठेवलं. रोज पोरीला कडेवर घेऊन कठडा धरत गच्ची गाठायची अन् तिला उघड्या पायांनी उन्हात बसवायची. गॅलऱ्यांतली माणसं बघायची. बघा, म्हटलं, डोळे फुटेस्तोवर बघा! पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पोरगी हात सोडून चालायला लागली. मीही भिंत न धरता उठू लागले.

अन् मग कहर झाला. चुलत सासरे बिडकीनकडच्या एका बाईला घेऊन दारात उभे. तिच्या कडेवर तशीच वाकड्या पायांची पोरगी. माझ्या लेकीकडं बोट दाखवून तिला म्हणाले, "ही बघ. आमच्या विळ्याचा गुण."

इतकी किळस मला त्या पुवाचीही आली नव्हती. मी लेकीचे दोन्ही पाय पुढं केले. "बाई, नीट बघ. हिला विळा लागलेलाच नाय. औषधानं अन् उन्हानं चालली ही. आत्ताच्या आत्ता माझ्यासंगं दवाखान्यात चल."

बाईनं कडेवरच्या पोरीचा झगा हळूच वर केला. गुडघ्यावरचा फोड अजून ओला होता.

"सकाळीच दिला की वो ताई," ती म्हणाली.