सरुबाईचे चार गुंठे

बावधनच्या सरुबाईला कुणी हसायला सांगितलं की तिच्या कपाळावर आठी पडायची. आणि भाच्याने, जयसिंगने, तिला नेमकं तेच काम लावलं होतं. नऊवारी नेसायची, चुलीपुढं बसायचं, शाळेची मुलं आली की हसायचं.

जयसिंगने बापाची जमीन बिल्डरला देऊन उरलेल्या तुकड्यावर ‘मातीशी मैत्री’ असा फलक ठोकला होता. अन्न कुठून येतं ते दाखवायला कोथरूडच्या शाळा तिथे बस भरभरून मुलं आणत. मैत्री करून देणाऱ्याने शेवटचं खुरपं कधी धरलं होतं, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

सरुबाईचा नवरा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होता. तो गेल्यावर ती माहेरी आली. भावाने, म्हणजे जयसिंगच्या बापाने, विहिरीलगतचे चार गुंठे दिले. तीस वर्षं तिने तिथे भाजी पिकवली आणि डोक्यावर टोपली घेऊन कोथरूडचे जिने चढली. मेथीला माती लागलीय म्हणून नाक मुरडणाऱ्या बायका तिने प्रत्येक मजल्यावर पाहिल्या होत्या. आता त्यांचीच नातवंडं माती बघायला टोप्या घालून येत होती.

डिसेंबरातल्या एका सकाळी जयसिंगने मार्केट यार्डातून पाल्यासकट गाजरं आणली आणि ओळीने वाफ्यात खोचली. दहा वाजेतो पाल्याने माना टाकल्या.

“आत्या, तू काही बोलू नकोस,” त्याने बजावलं.

“मी कशाला बोलू? गाजरंच बोलत्यात की.”

बस आली. मुख्याध्यापिका प्रेमला मॅडमनी हातमोजे वाटले. मुलांनी गाजरं उपटली, टाळ्या पडल्या, फोटो निघाले. मेहरुन नावाची चौथीतली मुलगी तेवढी गाजराकडे बघतच राहिली. ती थेट चुलीपाशी आली.

“आजी, हे मातीतून आलं, मग धुतल्यासारखं कसं?”

“धुतलंयच ते. मार्केट यार्डातनं आलंय. सकाळी पुरलं, आता उपटलं.”

जयसिंग ओशाळं हसत म्हणाला, “आत्या गंमत करते.”

“गंमत तू करतोयस,” सरुबाई उठली. “चला रं पोरांनो, खरं बघायचं आसंल तर.”

मुलं तिच्या मागे पळाली. विहिरीलगत तिने त्यांना मुळा उपटायला लावला. तो सहज येईना. दोघं मागे आपटली. हाती आलं ते वाकडं, दोन पायांचं, चिखलाने माखलेलं. वांग्यातून अळी निघाली तेव्हा अर्धी मुलं किंचाळली, अर्धी वाकून बघू लागली. शेणखताचा ढीग पाहून प्रेमला मॅडमनी रुमाल नाकाला लावला.

“अहो बाई, मुलांना इन्फेक्शन होईल!”

“मग खाऊ नका म्हणावं. ह्याच्याबिगर येत न्हाई काही.”

मॅडमनी शिट्टी वाजवून मुलं बसमध्ये कोंबली.

“उद्यापासून चुलीपाशी यायचं नाही,” जयसिंग संतापून म्हणाला. सरुबाईला सुटल्यासारखं वाटलं. भाचा मात्र काहीच शिकला नाही असं नाही. पुढच्या शाळेसाठी त्याने गाजरांना आधी नीट चिखल फासला.

रविवारी मेहरुनचे वडील, शकील, तिला स्कूटरवरून घेऊन आले.

“आजी, आठवडाभर डोकं खातेय. थोडा वेळ बघू द्याल?”

“बघायला काय ठेवलंय? काम हाय.”

सरुबाईने पोरीच्या हातात खुरपं दिलं आणि कांद्याचा वाफा दाखवला. तासाभरात पोरीच्या तळहाताला फोड आला, डोळ्यांत पाणी आलं. शकील पुढे झाले. सरुबाईने हातानेच त्यांना थांबवलं.

“गवत सोडून कांदाच उपटलास,” ती पोरीला म्हणाली. “परत लाव.”

मेहरुनने नाक पुसलं आणि कांदा परत लावला. तो वाकडा लागला होता. सरुबाईने वाकून दोन बोटांनी त्याच्या बुडाशी माती दाबली.

“पुढच्या रविवारी लवकर या,” ती शकीलना म्हणाली. “उन्हाची खुरपणी होत न्हाई.”