इंजिनाला लावलेली कणीक

मी एकदा जीपच्या इंजिनाला कणीक लावली होती. एकदा कसली, चांगली आठवडाभर, रोज सकाळी, ताजी मळून. नातवंडं हे वाचून हसतील. हसू द्या. ती एकोणीस वर्षांची शहाणी आज मला कुठे भेटली, तर मीच तिच्या डोक्यावर परात उपडी घालीन.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आमच्या ह्यांनी लिलावातली मिलिटरीची जीप घेतली होती आणि पिंपळगाव राजाहून खामगावला माणसं नेत-आणत. रात्री जीप स्वयंपाकघराच्या खिडकीखाली उभी असे. थंडीत ती चालू केली की हे तिला दहा मिनिटं तशीच घुरघुरत ठेवत. "तापू दे, मंग निघतो," म्हणत आणि बॉनेटवर हात फिरवत. लग्नाला चार महिने झाले होते. माझ्याशी एवढ्या मायेनं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या घुरघुरीत मला बारीक फुसफुस ऐकू येई. ती वाढली की इंजिन अडखळे, मग पुन्हा सावरे. एका सकाळी गाडी चालू ठेवून हे रेडिएटरसाठी पाणी आणायला विहिरीवर गेले आणि मी बॉनेट उचललं. काच पुसणारा वायपर त्या गाडीत इंजिन हवा ओढतं त्या जोरावर चालायचा. त्यासाठी इंजिनापासून काचेपर्यंत एक रबरी नळी गेली होती आणि तिला बुडाशी चीर पडली होती. माहेरी आम्ही हंडीच्या झाकणाला कणीक लावून वाफ कोंडत असू. मला वाटलं, हेही तसंच. हातात पोळ्यांची कणीक होतीच, थापली चिरेवर. वरून तव्याची काजळी फासली, म्हणजे कुणाला दिसायला नको. फुसफुस बंद! मी अशी ऐटीत चुलीपाशी आले, जणू जीप मीच बनवली होती.

गाव मागे पडेपर्यंत जीप नीट चालली. मग भर रस्त्यात गचके खाऊन बंद पडली आणि माणसं उतरून पायी निघाली. दुसऱ्या दिवशी तेच. खरं तर तेव्हाच सांगायचं. पण नव्या सुनेनं बॉनेट उचललं, हे सांगणार कोणाला? त्याऐवजी मी कणीक घट्ट मळून पाहिली. मग तेलाचं मोहन घातलं. इंजिनाच्या पोळ्याच लाटायच्या होत्या ना मला!

आठव्या दिवशी ह्यांनी खामगावच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांच्याजवळ घड्याळासारखी एक तबकडी होती. तिची नळी इंजिनाला जोडली की इंजिन हवा आत किती ओढतंय ते काटा दाखवी. मी खिडकीतून बघत होते. सकाळची कणीक ताजी होती, काटा अगदी स्थिर. मिस्त्री बिडी ओढत बसून राहिले. गाडी तापली तसा काटा थरथरला, आणि मग नाचायलाच लागला.

"हे तं उलटंच हाय बे," मिस्त्री म्हणाले. "थंडीत खोकते अन् तापल्यावर सुधरते, असं इंजिन पाह्यलं. हे तापल्यावर बिमार होऊन राह्यलं. आतले व्हॉल्व गेले असतीन. सारं खोला लागन."

ह्यांनी बॉनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "मंग इकूनच टाकतो. तसंही आता माह्या गाडीत कोनी बसत नाही."

एवढं बोलले, पण हात बॉनेटवरून उचलला नाही. तो हात बघितला आणि माझ्यानं राहवलं नाही. पदर डोक्यावर ओढला आणि पिठाच्या हातांनी तशीच अंगणात आले.

"इंजिनाले काही झालं नाही," मी म्हटलं. "त्या नळीले म्या कणीक लावली हाय."

मिस्त्रींनी काजळी खरवडली. आतून पांढरा पापुद्रा निघाला. "तरीच म्हनलं, ह्या मुंग्या कायले आत जाऊन राह्यल्या!" मग मला म्हणाले, "हंडी वाफ बाहेर ढकलते, पोरी. इंजिन आत ओढते. कणीक ओली हाय तवर चिकटते. सुकून तडकली, का चीर आनखी फाकवते, मंग तिथून हवा घुसते अन् गाडी गचके खाते."

त्यांनी नळीचा चिरलेला तुकडा कापून टाकला, उरलेली पुन्हा बसवली, तारेनं आवळली. गाडी चालू केली. दहा मिनिटं झाली, वीस झाली, काटा हलला नाही. ह्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि घराच्या मागे निघून गेले. तिकडून हसण्याचा आवाज आला.

ओसरीतून सासूबाई म्हणाल्या, "अव, गाडीले आठ दिस जेवू घातलं तुनं, अन् माह्या पोराले करपल्या पोळ्या!"

मला वाटलं, धरणी फाटून मला पोटात घेईल तर बरं. मिस्त्री तबकडी पिशवीत ठेवत होते. जाता जाता माझ्यापाशी थांबले.

"सूनबाई, फुसफुस त्याले ऐकू आली नाही, तुले चुलीजवळून आली. उद्यापासून त्यानं गाडी चालू केली का बाजूले उभी राहून ऐकत जाय. फक्त हात धुवून येजो."