एक दिवसही न अडलेलं काम

आमच्या टीमच्या प्रमुख सुजाताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी प्रताप नगरातल्या आमच्या ऑफिसचं कुलूप उघडत होतो. आत जाऊन नुसता बसलो... आणि मग पोटभर रडलो.

माझी नि ताईंची गट्टी जमली ती भांडणातून. खेड्यांतल्या रुग्णाकडे कुठली अँब्युलन्स पाठवायची, हे ठरवणारं सॉफ्टवेअर आम्ही लिहीत होतो. मी एआयकडून दोन दिवसांत अख्खं लिहून घेतलं आणि कॉलर ताठ करून ताईंना दाखवलं. चाचणीत त्यानं सर्वांत जवळची म्हणून कन्हान नदीपलीकडची गाडी निवडली. तिथे पूलच नाही! मी एआयला दुरुस्ती सांगितली, त्यानं एक अट जोडली. पुढच्या चुकीला आणखी एक. महिनाभरात अटींचं असं रान माजलं की कशालाही हात लावायची भीती वाटायला लागली.

"हे काहून टाकलं गा?" ताईंनी एका ओळीवर बोट ठेवलं.

"एआयनं टाकलंय, ताई."

"त्याले नाही, तुले विचारून राहिली मी."

तेव्हापासून नियमच झाला: चहाच्या वेळी स्क्रीनकडे पाठ करून प्रत्येकानं आपला भाग ताईंना समजावायचा. नाही जमलं, तर तो उडवायचा. मी चिडायचो, फार चिडायचो. पण निम्म्याहून जास्त पसारा गेला, रस्ते-पुलांची सगळी माहिती एकाच जागी आली. एआय मात्र त्यांनी सोडू दिलं नाही. "त्याच्याकडून काम घ्या, पण आवरायचं आपल्याले." केमोथेरपी घेऊन परतल्यावर एकदा यजमानांसमोरच म्हणाल्या, "माह्यावाचून एक दिवसही काम अडलं, तं मी हरली समज."

त्या गेल्या त्याच आठवड्यात रामटेककडचा एक पूल दुरुस्तीसाठी बंद झाला. नुकत्याच नोकरीला लागलेल्या प्राचीनं एआयच्या मदतीनं एकाच जागी बदल केला, मला तोंडी समजावला, आणि दुपारच्या आत गाड्या दुसऱ्या रस्त्यानं धावू लागल्या. त्यातल्या एकीत कळा सुरू झालेली बाई होती. वेळेत पोचली, आई-बाळ सुखरूप.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे ताईंच्या स्मरणार्थ ठेवलेल्या बौद्ध विधीच्या दिवशी त्यांचे यजमान, मिलिंदभाऊ, माझ्या शेजारी येऊन बसले.

"तिच्यावाचून तुमचं काम अडून राहिलं असंन न?"

अशा वेळी लोक हो म्हणतात. मीही म्हणणार होतो...

"नाही, भाऊ. एक दिवसही नाही."

ते डोळे पुसत, भरल्या मंडपात, तिच्या फोटोकडे बघून मोठ्यानं म्हणाले, "जिंकली वं तू... जिंकली!"