कोट घालून मदत मागणारा शिंपी

आमच्या गल्लीतला शिंपी लेकीच्या कॉलेजच्या फीसाठी मदतीचा अर्ज द्यायला निघाला, तो चक्क कोट चढवून. मी सोबत होतो. म्हटलं, "अरे, मागायला निघालास की मिरवायला?"

"काका, शिंपीच फाटका दिसला तर कापड कोण देईल?"

मदत नाकारली तर पोरीचं शिक्षण तिथंच थांबणार होतं. कचेरीत अर्ज घेणाऱ्या खिडकीतल्या बाईंनी कोट न्याहाळला. "एवढी ऐट, आणि उत्पन्न एवढंसं?"

पठ्ठ्यानं कोट काढून उलटा केला. अस्तराला गिऱ्हाइकांच्या उरलेल्या कापडाचे सतरा तुकडे, सतरा रंगांचे! अख्खी रांग हसली.

बाईंनी हसू दाबत मंजुरीचा शिक्का मारला आणि बजावलं, "पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करायचाय. येताना उलटाच घालून या."